ताकदीच्या गोळ्या आणि न सरणारा थकवा

अंगदुखी आणि थकवा या दोन तक्रारी घेऊन न येणारा रुग्ण ज्याच्या दवाखान्यात दिवसभरात एकही नसेल, असा वैद्यकीय व्यावसायिक आमच्या इंदूर शहरात शोधूनही सापडणार नाही. कंबर दुखते, पिंढऱ्या वळतात, सकाळी उठताना अंग जड वाटते, जिना चढवत नाही. रक्त तपासावे, क्ष-किरण चित्र काढावे, तर बहुधा नाव घेण्यासारखे काही हाती लागत नाही. दुखणे मात्र खरे असते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्याने अशा रुग्णाला दिलासा मिळत नाही. आपले कोणी ऐकून घेत नाही, असेच त्याला वाटू लागते. मग त्याचा स्वतंत्र शोध सुरू होतो. शेजारच्या काकूंना गुण आलेली गोळी, अमेरिकेहून मुलाने पाठवलेला डबा, दवा बाजारातून कोणी आणून दिलेले कॅप्सूल, वर्तमानपत्रातील जाहिरातीत पाहिलेले चूर्ण, असे एकेक करून घरात जमा होते.

मी प्रत्येक जुनाट दुखण्याच्या रुग्णास विचारतो, “याशिवाय आणखी काय घेता?” उत्तर ठरलेले असते, “काही नाही, डॉक्टरसाहेब.” मग मी प्रश्न बदलतो, “ताकदीचे काही? हाडांसाठी? केसांसाठी? झोपेसाठी?” तेव्हा कुठे पिशवी उघडते आणि टेबलावर चार-पाच बाटल्या मांडल्या जातात. रुग्णाने काही लपवलेले नसते. त्याच्या लेखी ते औषधच नसते, ‘नुसते व्हिटॅमिन’ असते.

या ‘नुसत्या’ गोष्टींविषयी मला येथे लिहावयाचे आहे. पूरक आहारद्रव्यांचे दुष्परिणाम होतात, हे बहुतेकांस ऐकून ठाऊक असते. तितकेसे ध्यानात येत नाही ते हे, की यांतील अनेक दुष्परिणाम मूळ तक्रारीचेच रूप घेऊन येतात. थकव्यासाठी घेतलेल्या द्रव्याने थकवा येतो, मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीने मुंग्या येतात. रुग्णाला वाटते, दुखणे वाढले; म्हणून तो मात्रा वाढवतो. हे चक्र बाहेरून कोणीतरी थांबवावे लागते.

बी-६ : मुंग्यांची गोळी आणि मुंग्या

हातापायांना मुंग्या आल्या की ‘नसांची गोळी’ घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अशा संयुक्त गोळ्यांत बी-१२ बरोबर बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, असते. प्रौढ माणसाची त्याची रोजची गरज सुमारे दोन मिलिग्रॅम. डाळी, केळी, बटाटे, शेंगदाणे यांतून ती सहज भागते. १९८३ मध्ये अमेरिकेतील शॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दिवसाला दोन ते सहा ग्रॅम पायरिडॉक्सिन घेतल्याने या रुग्णांचे संवेदनवाहक मज्जातंतू बिघडले होते. पाय बधिर झाले होते, चालताना तोल जात होता. ही मात्रा प्रचंड होती, हे खरे. पण पुढे बऱ्याच कमी मात्रेतही असे रुग्ण आढळू लागले. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी दिवसाला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रेतही हा त्रास होऊ शकतो असे नमूद केले आहे, आणि युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली.

दोन-तीन वेगवेगळ्या बाटल्यांत बी-६ असेल, तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. गोळी बंद केल्यावर बहुतेकांना आराम पडतो. मात्र पहिले काही आठवडे लक्षणे वाढल्यासारखी वाटू शकतात आणि पूर्ण सुधारणेस महिने लागतात. हे रुग्णास आधीच सांगून ठेवले नाही, तर तो घाबरून पुन्हा तीच गोळी सुरू करतो.

ड जीवनसत्त्व : आठवड्याची पुडी रोज

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे आहे आणि तिच्यामुळे स्नायू व हाडे दुखतात, यात शंका नाही. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, काही आठवडे घ्यावी, असा उपचार आपण सारेच लिहून देतो. घोटाळा होतो तो त्यानंतर. आठवड्याची मात्रा कोणी रोज घेते, म्हणजे सातपट. कोणी आठ आठवड्यांची चिठ्ठी दोन वर्षे चालवते. कोणी वरून सहा लाख युनिटचे इंजेक्शनही टोचून घेते. काश्मीर खोऱ्यातील डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा अतिमात्रेमुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती.

हे जीवनसत्त्व मेदात साठते, लघवीवाटे चटकन निघून जात नाही. त्याचा अतिरेक झाला की आतड्यातून आणि हाडांतून रक्तात येणारे कॅल्शियम वाढते. त्याची लक्षणे पाहा : थकवा, स्नायूंची अशक्तता, भूक मंदावणे, मळमळ, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी, तहान, वृद्धांत गोंधळलेपण. यातील पहिली दोन तीच, ज्यांसाठी पुडी सुरू झाली होती. रक्तदाबासाठी थायाझाइड गटातील गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण ती लघवीतून जाणारे कॅल्शियम अडवते. अशा वेळी रक्तातील कॅल्शियम आणि क्रिॲटिनिन ही तपासणी तातडीने करावी.

हळद आणि अश्वगंधा : घरचे म्हणून निर्धोक?

हळदीविषयी बोलताना मला संकोच वाटतो, कारण ती आपल्या स्वयंपाकघराची, किंबहुना संस्काराची वस्तू आहे. वरण-भाजीतील हळदीबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. परंतु हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असते. सांधेदुखीसाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये त्याचा अर्क असतो, आणि सोबत मिरीतील पिपेरिन घातलेले असते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले, की पिपेरिनमुळे माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता वीस पटीने वाढते. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगितला जातो. यकृताच्या दृष्टीने मात्र हा एक निराळाच पदार्थ ठरतो. अमेरिकेतील यकृत-इजा अभ्यासगटाने २०२२ मध्ये हळदीच्या उत्पादनांमुळे यकृतदाह झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतील सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय ठेवण आढळली. म्हणजे हा त्रास सर्वांना होत नाही. पण कोणाला होईल, हे बाटली पाहून सांगता येत नाही.

अश्वगंधेचेही तसेच. आयुर्वेदात तिचे स्थान मोठे आहे आणि जाणत्या वैद्याने प्रकृती पाहून दिलेल्या योगाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बोलतो आहे ते स्वतःच्या मनाने, महिनोन्‌महिने घेतलेल्या तीव्र अर्काविषयी. आइसलँड व अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२० मध्ये, आणि त्यानंतर भारतातील यकृततज्ज्ञांनीही, अशा अर्कानंतर झालेल्या काविळीचे रुग्ण नोंदवले आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या रुग्णास धडधड, वजन घटणे आणि गळाल्यासारखे वाटणे यांचा अनुभव येतो. यकृत बिघडण्याची सुरुवातही बहुधा थकवा आणि अन्नावरील वासना उडणे यांनीच होते. अंगाला खाज आणि डोळ्यांना पिवळेपणा नंतर येतो.

बाटलीवर न लिहिलेले

आतापर्यंत बोललो ते वेष्टनावर लिहिलेल्या द्रव्यांविषयी. न लिहिलेल्या गोष्टींची कथा अधिक गंभीर आहे. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात काही स्त्रिया असह्य स्नायुदुखी घेऊन आल्या. त्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पेशी कमालीच्या वाढल्या होत्या. सर्वांत समान धागा एकच होता : झोपेसाठी आणि मनःस्वास्थ्यासाठी विकले जाणारे एल-ट्रिप्टोफॅन हे पूरक द्रव्य. पुढे पंधराशेहून अधिक रुग्ण आणि किमान ३७ मृत्यू नोंदले गेले. शोध जपानमधील एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत जाऊन पोहोचला. निर्मितीची पद्धत बदलली होती आणि मालात अशुद्ध घटक उतरले होते.

आपल्याकडील अनुभव अधिक परिचित आहे. ‘एका पुडीत आराम’ असा लौकिक असलेल्या सांधेदुखीच्या चूर्णात पुष्कळदा स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असते. हे केवळ आपल्या गल्लीबोळांत घडते असे नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांधेदुखीवरील एका पूरक उत्पादनात डेक्सामेथासोन व डायक्लोफिनॅक सापडल्याचा इशारा दिला होता. दोहोंचा वेष्टनावर उल्लेख नव्हता. असे चूर्ण काही महिने घेतले की चेहरा सुजतो, साखर व रक्तदाब वाढतो, आणि शरीरातील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम करेनाशा होतात. मग चूर्ण एकाएकी थांबवले, तर कमालीचा थकवा, अंगदुखी, उलट्या आणि रक्तदाब घसरणे, असे प्राणावर बेतणारे चित्र उभे राहते. म्हणून संशयित पुडी ‘आजपासून बंद’ असे फर्मान रुग्णाने स्वतः काढू नये. ती पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

तपासणीलाच फसवणारे द्रव्य

केस-नखांच्या आणि ताकदीच्या गोळ्यांत बायोटिन असते. त्याची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. बाजारातील गोळीत पाच ते दहा हजार मायक्रोग्रॅम. त्याने शरीरास सहसा अपाय होत नाही, पण प्रयोगशाळेतील काही तपासण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेले असल्याने अहवाल चुकतो. थायरॉइड वाढल्याचा खोटा निष्कर्ष निघू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते. अमेरिकेच्या प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा देताना एका मृत्यूचाही उल्लेख केला होता. थकव्यासाठी थायरॉइड तपासण्यापूर्वी दोन-तीन दिवस ही गोळी थांबवावी आणि प्रयोगशाळेस तसे सांगावे.

काय करावे?

सर्वच पूरक द्रव्ये टाकून द्यावीत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. शाकाहारी माणसाची बी-१२ ची कमतरता, रक्तक्षयात लोह, गरोदरपणी फॉलिक आम्ल हे उपचारच आहेत. त्यांना कारण असते, मात्रा असते आणि मुदत असते. या तिन्हींची उत्तरे ज्या गोळीला देता येत नाहीत, ती घेऊ नये.

वाचकांस माझी विनंती एवढीच : घरातील सर्व बाटल्या, पुड्या आणि डबे एका पिशवीत भरून वर्षातून एकदा आपल्या डॉक्टरांसमोर ठेवावेत. कोणती गोष्ट केव्हा सुरू केली, याची तारीख बाटलीवरच लिहावी. दोन बाटल्यांत एकच द्रव्य नाही ना, हे पाहावे. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल, तर ग्लुकोसामिन किंवा हळदीचा अर्कदेखील विचारल्याशिवाय घेऊ नये. पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाची सूचना छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे. दुखणे बरे करण्याचे वचन देणाऱ्या डब्यावर ती शोधून वाचावी.

व्यवसायबंधूंना विनंती थोडी वेगळी आहे. केसपेपरवर औषधांच्या खाली ‘इतर’ असा रकाना ठेवावा आणि तो रिकामा सोडू नये. संशयित दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे करावी. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक आहे. आणि तपासण्या निर्दोष आल्या तरी, दुखते असे सांगणाऱ्या माणसाला पाच मिनिटे अधिक द्यावीत. त्याची झोप, त्याचे मन, त्याची साखर, त्याचे चालणे-फिरणे यांची चौकशी करावी. जेथे हे ऐकणे संपते, तेथूनच त्या पिशवीतील पहिली बाटली सुरू होते.