भाड्याचे घर बघताना
नागपूरच्या महालात भोसले राजांच्या काळापासूनची वस्ती आहे. मातीच्या भिंतींची, लाकडी तुळयांची जुनी घरे तिथे अजून दिसतात. असे घर भाड्याने घेताना ताज्या चुन्याला भुलू नका. भरदुपारी जा. दार लावून वर बघा. कवेलूंतून उन्हाचे कवडसे आले, तर पावसात तिथूनच पाणी गळणार.

तुळईचे टोक भिंतीत शिरते, तिथे ओल मुरते. वाळवीही बहुधा तिथेच लागते. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली, की तुळईवर काठीने ठोका. आवाज पोकळ आला, तर आतले लाकूड वाळवीने खाल्ले समजा. वरून ते धडच दिसते बरे! अशा तुळईखाली लेकरांना निजवायचे नाही. घरमालक म्हणेल, "पावसाळ्याआधी बदलून देतो." बदलू द्या. मगच सामान हलवा.