आकाशात उगवलेला ऊस

सांगलीच्या विश्रामबागेत राहणारा माझा भाचा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या जुन्या खेळातील झुडपे पुसून त्यांच्या जागी ऊस लावण्याच्या उद्योगाला लागला होता, आणि दोन दिवसांच्या खटपटीनंतर खेळ सुरू करताच तो ओरडला, “मामा, हे बघा की, ढगातनं पण ऊस उगवलाय!” जाऊन पाहतो तो जमिनीवर हिरवा ऊस उभा होता आणि वर निळ्या आकाशात तोच ऊस पांढरा होऊन तरंगत होता. १९८५ साली हा खेळ रचणाऱ्या जपानी कारागिरांनी जागेच्या टंचाईमुळे झुडूप आणि ढग यांसाठी एकच आकृती वापरली होती. हिरवा रंग दिला की झुडूप, पांढरा दिला की ढग. लहानपणी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानात तासावर पैसे मोजून हा खेळ मी असंख्य वेळा खेळलो होतो, पण हे काटकसरीचे गुपित मला प्रथम उमगले ते त्या उसामुळे.

भाचा करीत होता त्या उद्योगास ‘रॉम हॅकिंग’ म्हणतात. रॉम म्हणजे खेळाच्या कॅसेटमधील, जिच्यातून केवळ वाचता येते पण जिच्यावर लिहिता येत नाही, अशी स्मृती. तिची संगणकावर नक्कल घेऊन तीत बदल करणे म्हणजे हे हॅकिंग. त्या शब्दाला चोरीचा वास येतो खरा, परंतु आपल्या महसुली भाषेत याहून नेमका शब्द पूर्वीपासून आहे, आणि तो म्हणजे फेरफार. जमीन जागची हलत नाही, तिचा गट क्रमांक व चतुःसीमा त्याच राहतात, मात्र तलाठ्याच्या दप्तरात एका ओळीची खाडाखोड होऊन दुसरी नोंद येते. येथेही तसेच घडते. मारिओचा संपूर्ण खेळ चाळीस किलोबाइटांत सामावलेला आहे: बत्तीस आज्ञावलीसाठी आणि आठ चित्रांसाठी, म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांचे अवघे ५१२ चौकोन. या दप्तरात प्रत्येक अंकाला स्वतःचा पत्ता असतो, आणि मध्येच एखादा नवा अंक घुसडला तर पुढचे सारे पत्ते सरकून खेळ कोलमडतो. म्हणून फेरफार करणाऱ्याने जुन्याच्या मापात नवे बसवावे, अथवा दप्तराच्या अखेरीस कोरी जागा शोधून तेथे ते लिहावे आणि मूळ ठिकाणी फक्त त्या जागेचा निर्देश ठेवावा.

या मंडळींत एक चांगला प्रघात आहे. ते बदललेला खेळ वाटत नाहीत. अमुक पत्त्यावर अमुक अंक घालावा एवढ्याच नोंदींची एक छोटी धारिका वाटतात, आणि घेणाऱ्याने ती आपल्याजवळच्या प्रतीवर चढवायची असते. या धारिकेस ‘पॅच’ म्हणतात. मी तिला फेरफार-पत्रक म्हणेन. तिचा जो ‘आयपीएस’ नावाचा जुना प्रकार आहे त्यात पत्त्यासाठी तीन बाइट राखलेले असल्याने १,६७,७७,२१६ पत्त्यांपलीकडे तिचा अंमल चालत नाही.

आमच्या पिढीने हे फेरफार नकळत पुष्कळ भोगले. नव्वदीच्या दशकात गावोगाव जे स्वस्त ‘टीव्ही गेम’ आले, त्यांच्या कॅसेटींवर हजारो, लाखो खेळांचे आकडे छापलेले असत आणि आत खेळ निघत मोजके. बाकीची यादी भरलेली असे ती त्याच खेळांना निराळी नावे देऊन, किंवा एखादा खेळ पहिल्याऐवजी पाचव्या टप्प्यापासून सुरू करून. कोणा अज्ञात हातांनी ते अंक बदलले होते. सातारकर मुले त्या फसवणुकीवर जीव टाकीत होती, आणि मला आजही त्यात वावगे वाटत नाही, कारण एकच वस्तू किंचित पालटून पुन्हा पाहण्याचा आनंद आम्हांला तिथेच लागला.

दुसरा मार्ग खेळ बनविण्याच्या सॉफ्टवेअरचा. येथे कोणाची जमीन नाही. मोकळी जागा मिळते आणि वीट, चुना, ओळंबा हाती येतो. जपानमध्ये १९९२ पासून निघत असलेला ‘आरपीजी मेकर’, नेदरलँड्समधील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ साली आणलेला ‘गेममेकर’, आणि अर्जेंटिनातील दोघा मित्रांनी सुरू केलेला ‘गोडो’, ज्याची मूळ आज्ञावली २०१४ पासून सर्वांस खुली व विनामूल्य आहे, ही त्यांतील ठळक नावे. गोडो हे नाव सॅम्युएल बेकेटच्या नाटकावरून घेतले आहे, ही गोष्ट नाट्यपंढरी म्हणविणाऱ्या सांगलीत सांगताना मला विशेष आनंद होतो.

परंतु आपल्यापुरता या दोन मार्गांतील खरा भेद मला दिसतो तो मराठी अक्षरापाशी. भाच्याला उसानंतर खेळातील पाट्या मराठीत हव्या होत्या. रोमन अक्षर आठ ठिपक्यांच्या चौकोनात सुखाने मावते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार, आणि जोडाक्षर आले की एकाच्या पोटात दुसरे. त्यामुळे एका अक्षरासाठी चार चौकोन खर्ची पडतात, आणि चौकोन तर मोजके. शेवटी जे अक्षर वाक्यात येणार तेवढेच काढायचे, आणि ‘दुर्ग’ लिहावे की ‘गड’ हे अर्थावरून नव्हे तर चौकोनांच्या हिशेबाने ठरवायचे, अशी पाळी त्याच्यावर आली. शब्दांची इतकी कठोर पारख मी चांगल्या लेखकांतही क्वचित पाहिली आहे. उलट, गोडोच्या मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे व मात्रा आपोआप यथास्थित जुळतात. तिथे ‘कृष्णा’ लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

परक्या साच्याला मराठी बोलायला लावण्याचे हे काम सांगलीला नवे नाही. उत्तर कानड्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली पाहिल्यावर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसेच काही मराठीत करण्याची आज्ञा केली, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आले. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांची सात नाटके प्रसिद्ध आहेत. त्यांतील सहा कोणत्या ना कोणत्या पूर्वीच्या कृतीवर उभी आहेत, शेक्सपियरचा ऑथेल्लो त्यांच्या हाती ‘झुंझारराव’ झाला, आणि १८९९ ची ‘शारदा’ तेवढी सर्वस्वी स्वतंत्र. दुसऱ्याच्या कृतीत वावरून, तिचे सांधे चाचपून तयार झालेल्या हाताने ‘शारदा’ लिहिली, असे मी मानतो. म्हणून फेरफाराच्या उद्योगाला कमी लेखणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मात्र देवलांच्या बहुतेक मूळ लेखकांना जाऊन शतके लोटली होती. मारिओचे धनी हयात आहेत आणि जागरूकही. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाची आज्ञावली ‘साहित्यकृती’त मोडते आणि तिचे रूपांतर करण्याचा अधिकार स्वामीकडे राहतो. सॉफ्टवेअर वापरून पहिल्या विटेपासून बांधले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. अर्जेंटिनाच्या मिल्टन गुआस्ती यांनी जवळजवळ दहा वर्षे खपून गेममेकरमध्ये ‘मेट्रॉइड’च्या दुसऱ्या भागाचे नवे रूप उभारले, ऑगस्ट २०१६ मध्ये ते खुले केले, आणि लगोलग मारिओचीही धनी असलेल्या निन्टेंडोच्या नोटिसा सुटल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘पोकेमॉन प्रिझम’ हा आठ वर्षांच्या श्रमाचा रॉम-फेरफार प्रकाशनाच्या उंबरठ्यावर थांबवावा लागला. जमीन परकी असो वा आपली, घरात बसविलेली माणसे दुसऱ्याची असली की दावा येतो. गुआस्तींना पुढे एका नामांकित संस्थेत खेळ रचण्याचे काम मिळाले, हे कळल्यावर मला फार बरे वाटले.

भाच्याला हे सारे सांगितले तेव्हा तो थोडा हिरमुसला, आणि दोन दिवसांनी त्याने गोडोत नवा खेळ मांडला: मारिओ नाही, एक ऊसतोडणीचा पोरगा आहे, आणि पहिल्याच पाटीवर शुद्ध ‘कृष्णा’ लिहिलेली आहे. ऊस आता फक्त जमिनीवर उगवतो. पण पोरगा उडी मारतो ती दगडासारखी धप्पकन खाली येते. तिथे गुरुत्वाकर्षण किती हेही आपणच ठरवावे लागते, आणि बटण जितके दाबून धरावे तितकी उंच जाणारी ती जुनी उडी काही केल्या साधत नाही. परवा फोन केला तेव्हा त्याने तो जुना खेळ पुन्हा उघडलेला होता. सेकंदाला साठ चित्रे या वेगाने सरकणारी ती उडी एकेक चित्रावर थांबवून, मारिओ किती चित्रांत वर जातो आणि किती चित्रांत खाली येतो, हे तो वहीत मांडत होता.