नुसत्या उपासाने माफी नाही

पाऊस दडी मारून बसला की मराठवाड्यात अजूनही कुठेकुठे पावसाचे मागणे मागत धोंडी निघते. संकटात सगळ्यांनी मिळून दया मागण्याची रीत हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांतही आहे. तिच्याबद्दलच्या काही समजुती मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा.
वस्तुस्थिती : निनवे नगरी 40 दिवसांत उलथेल, असे योना या संदेष्ट्याने बजावले. राजा सिंहासन सोडून राखेत बसला, जनावरांनाही गोणपाट पांघरले आणि जुलूम सोडण्याचा हुकूम निघाला. नगरी वाचली. भाकीत खोटे ठरले, पण इशारा कामी आला. योना मात्र रुसला. तेव्हा देवाने त्याला तिथल्या 1,20,000 हून अधिक माणसांची आणि गुराढोरांची आठवण करून दिली.

गैरसमज : पश्चात्ताप ज्याचा त्याने करायचा.
वस्तुस्थिती : टोळधाड आली, ओढे आटले, गुरे हंबरू लागली, तेव्हा योएलने म्हाताऱ्यांपासून अंगावर पिणाऱ्या बाळांपर्यंत सगळ्यांना बोलावले. नवरा-नवरीलाही सूट नव्हती. दानीएलही लोकांच्या अपराधांत स्वतःला धरूनच क्षमा मागतो.

गैरसमज : उपास केला की पाप फिटले.
वस्तुस्थिती : उपासाच्या दिवशीच मजुरांना राबवणाऱ्यांवर यशया तुटून पडतो. दडपलेल्यांना मोकळे करणे, भुकेल्याला आपल्यातले देणे, बेघराला आसरा देणे हा त्याच्या लेखी खरा उपास. पुढे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाने नियमच घातला : माणसाचा अपराध केला असेल, तर आधी त्या माणसाची समजूत काढा, त्यावाचून योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, पाळूनही सुटका नाही.

गैरसमज : आपत्तीत मेले, म्हणजे त्यांचे पाप भरले होते.
वस्तुस्थिती : संदेष्टे संकटाचा संबंध पापाशी जोडतात, हे खरे. पण यहेज्केल बापाचे पाप मुलाच्या माथी मारू देत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर भागात 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने घात केला. त्याची कारणे भूगर्भातल्या ताणात आणि दगड-मातीच्या जड घरांत होती. गेलेल्यांच्या पापपुण्यात ती शोधणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : या परंपरेशी मराठी माणसाचा संबंध नाही.
वस्तुस्थिती : कोकणात तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्राएल ज्यू 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. त्यांच्या मराठीत योम किप्पूर हा 'दारफाळणीचा सण'. त्या दिवशी दारे लावून घरोघर कडक उपास असे. याच समाजातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे दार, हे ज्यूंचे प्रार्थनाघर (सिनेगॉग) उभारले. योम किप्पूरच्या दुपारी सिनेगॉगमध्ये योनाचे पुस्तक वाचण्याची ज्यूंची परंपरा आहे. त्या दिवशीची पापांची कबुलीही सगळे मिळून देतात. कबुलीच्या यादीतला एखादा अपराध ज्याच्या हातून घडलाच नाही, तोही 'आम्ही केला' असेच म्हणतो.