पहिली पाळी लवकर आली की उशिरा

सिल्हेट हा बांगलादेशाचा ईशान्य कोपरा. चहाचे मळे, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी शेतं, आणि कित्येक घरांतलं कुणी ना कुणी विलायतेत. लंडनमधली बहुतेक बांगलादेशी कुटुंबं मूळची इथलीच. या स्थलांतराचा उपयोग करून अलेहांद्रा नुन्येझ-दे ला मोरा, जिलियन बेंटली आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिल्हेटमध्येच राहिलेल्या, मोठेपणी लंडनला गेलेल्या, लहानपणी गेलेल्या आणि तिथेच जन्मलेल्या बांगलादेशी स्त्रिया, शिवाय तिथल्या गोऱ्या स्त्रिया, अशा पाच गटांतल्या सव्वादोनशेच्या आसपास जणींनी एका पूर्ण पाळीचक्रात आपल्या लाळेचे नमुने दिले. लाळेतून प्रोजेस्टेरॉन मोजता येतं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशय हे संप्रेरक तयार करतं, म्हणून अंडाशय किती जोमाने काम करतंय हे त्यावरून कळतं.

लहानपणी लंडनला गेलेल्या स्त्रियांचं प्रोजेस्टेरॉन सिल्हेटमध्ये राहिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. मोठेपणी गेलेल्यांचं मात्र कमीच राहिलं, लंडनचं खाणंपिणं आणि दवाखाने मिळूनही. अगदी लहान असताना, साधारण आठ वर्षांच्या आत गेलेल्यांना पाळीही लवकर आली होती. मूळ मुलूख एक, वंश एक, फरक बालपणाचा.

सिल्हेटमधल्या या बायका उपाशी घरातल्या नव्हत्या. पण तिथे लहान मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतात, जंत होतात, आणि त्यांच्याशी लढण्यात शरीराची ऊर्जा खर्च होते. अशा बालपणात शरीर वयात यायला घाई करत नाही आणि पुढे अंडाशयाचं कामही बेताने चालवतं, असा संशोधकांचा तर्क आहे. मला तो पटतो, कारण वयात येण्याची यंत्रणा ऊर्जेच्या हिशेबावरच चालते. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. साठा पुरेसा असेल तर मेंदूतल्या किसपेप्टिन तयार करणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि अंडाशयाला हुकूम पोहोचवणारी संप्रेरकांची साखळी सुरू होते. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहेच. पण युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभर वर्षांत पहिल्या पाळीचं वय सोळा-सतरावरून तेरापर्यंत खाली आलं, ते जनुकं बदलल्यामुळे नव्हे.

मग उशिरा पाळी आलेली मुलगी पुढे मूल होण्यात कमी पडते का? तसा निष्कर्ष काढता येत नाही. सिल्हेट हा बांगलादेशातल्या सर्वांत जास्त जननदराच्या विभागांपैकी एक आहे. आणि भरपूर संप्रेरक म्हणजे निव्वळ फायदाही नाही: पाळी जितकी लवकर येते तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, दर वर्षामागे सुमारे पाच टक्क्यांनी.

‘लवकर आली, म्हणजे लवकर जाणार, बीजं संपणार’ ही भीती आयांच्या बोलण्यात नेहमी येते. हिशेब करून पाहू. वयात येताना मुलीच्या अंडाशयांत तीन-चार लाख बीजं असतात. पाळी दोन वर्षं आधी आली तर फार तर पंचवीसेक बीजं आधी बाहेर पडतील. बाकीची बीजं पाळी येवो न येवो, जन्माआधीपासूनच आपोआप विरत असतात. तरीही थोडा संबंध आहे. गीता मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५१ हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र केली. चाळिशीच्या आत पाळी कायमची थांबण्याचं प्रमाण बारा-तेराव्या वर्षी पाळी आलेल्यांमध्ये शंभरात सुमारे दोन होतं, अकराव्या वर्षापर्यंत आलेल्यांमध्ये सुमारे तीन. म्हणजे अशा शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना ही अडचण आलीच नाही.

पहिली पाळी म्हणजे मुलगी आई व्हायला तयार, हा समज मात्र भीतीपेक्षा घातक आहे. संमतिवय दहाचं बारा करणारा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा महाराष्ट्रातही कडाडून विरोध झाला. पहिल्या ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान व्हायलाच हवं, हा विरोधकांचा एक प्रमुख मुद्दा होता. शरीराचं म्हणणं नेमकं उलट आहे. फिनलंडच्या डॅन ॲप्टर यांनी मुलींची संप्रेरकं वर्षानुवर्षं मोजली. पहिल्या वर्ष-दोन वर्षांतल्या बहुतेक पाळ्यांत बीज बाहेर पडतच नाही. निम्म्या पाळ्यांत बीज बाहेर पडू लागायला, बाराच्या आत पाळी आलेल्या मुलींना सुमारे एक वर्ष लागलं, तर तेरानंतर आलेल्यांना साडेचार. कटिराची हाडंही पहिल्या पाळीनंतर काही वर्षं वाढत राहतात. बाळाला वाट देण्याइतकी रुंदी सतरा-अठराच्या सुमारास येते. तरी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. हे मला अक्षम्य वाटतं.

शहरांत याच अज्ञानाची दुसरी बाजू दिसते. पाळी सुरू होऊन वर्षही झालेलं नसतं, दोन महिने चुकते, आणि मुलीवर ‘पीसीओडी’चा, म्हणजे अंडाशयाच्या विकाराचा, शिक्का बसतो, पुढे मूल होईल का, ही चिंता तेरा-चौदाव्या वर्षीच तिच्या डोक्यात शिरते. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती अनियमित असणं स्वाभाविक आहे. पाळी येऊ लागल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मुलीच्या पाळीच्या तारखा वहीत लिहून ठेवा. आठ वर्षांच्या आत छातीची वाढ सुरू झाली, तेरापर्यंत ती सुरूच झाली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.