रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी नको!
दुचाकी मेकॅनिक बांधवांसाठी उपयुक्त माहिती

धानाचा आणि राईस मिलचा जिल्हा म्हणून गोंदिया ओळखला जातो. तिरोडा, आमगाव, देवरी, सडक अर्जुनी या गावांत दुचाकी दुरुस्तीवरही अनेक घरे चालतात. या कारागिरांच्या हाताखालून आजवर गेलेल्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होणाऱ्या होत्या. मात्र यामाहाची आर-१५ (२००८), केटीएमची ड्यूक २०० (२०१२), हीरोची करिझ्मा एक्सएमआर (२०२३) अशा रेडिएटरच्या गाड्या आता गावोगावी येत आहेत. या कामात जो तयार होईल, त्याचाच धंदा पुढे टिकेल.

रेडिएटरमधील पाणी कमी झाले की जवळच्या बोअरचे पाणी ओतले जाते. नुकसानीची सुरुवात येथेच होते. जमिनीतील पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार आणि क्लोराइड असते. पाणी तापले की क्षारांचा थर नळ्यांत बसतो व इंजिन गरम होऊ लागते. शिवाय रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि काही भाग पोलादाचे असतात. दोन धातू क्षारयुक्त पाण्यात एकत्र आले की बॅटरीसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते. ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही. पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे पडतात. म्हणून लाल रंग दिसला नाही तरी गाडी ठीक आहे असे समजू नये.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे काही जण विचारतात. कूलंटमधील ग्लायकॉलमुळे पाणी गोठत नाही हे खरे, पण त्यातील गंजरोधक द्रव्ये धातूचे रक्षण करतात. तसेच निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण सुमारे १०७ अंशांवर उकळते. झाकणाच्या दाबामुळे ही मर्यादा आणखी वाढते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा याचे महत्त्व कळते. नुसते डिस्टिल्ड वॉटर पुरेसे नाही, कारण त्यात गंजरोधक द्रव्य नसते.

कूलंट बदलताना पुढील काळजी घ्यावी :

१) इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडू नये.
२) जुने कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटरने आतील भाग धुवावा. कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड वापरू नये. ते ॲल्युमिनियम खाते.
३) तयार मिश्रणाच्या कूलंटमध्ये पाणी मिसळू नये. रंग सारखा म्हणजे माल सारखा, असे नसते. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच प्रकार भरावा.
४) भरल्यावर इंजिन चालवून आतील हवा काढावी व थंड झाल्यावर टाकीतील पातळी पुन्हा पाहावी.
५) झाकणाचे रबर, होज आणि वॉटर पंपाखालील छिद्र तपासावे. छिद्रातून थेंब पडत असल्यास पंपाचे सील गेले असे समजावे.

गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात. म्हणून पुस्तिकेतील मुदतीत, साधारणतः दोन वर्षांनी, कूलंट बदलावे. जुने कूलंट गोड पण विषारी असते. ते नालीत किंवा अंगणात सांडू नये. मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

बिलावर कूलंट भरल्याची तारीख, किलोमीटर आणि प्रकार लिहून द्यावा. लिटरभर कूलंटसाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला रेडिएटर आणि वॉटर पंपाचा खर्च आधीच समजावून सांगावा. आज खरे सांगणाऱ्या मेकॅनिककडेच तो उद्या दुसरी गाडी घेऊन येईल.