झांकणाचा हातमोजा

आमच्या वसई-विरारच्या किनाऱ्यावर समुद्राच्या सान्निध्यामुळें हिवाळा सौम्य असतो. लोकरीच्या हातमोज्यांची येथें गरज भासत नाहीं. परंतु आमच्यापैकीं कोणी सुटींत हिमालयांत जातो, कोणी कॅनडासारख्या थंड देशीं वास करितो. तेथें बोटें उबदार ठेवणें ही चैन नव्हे. ३ जून १९५० रोजीं अन्नपूर्णा शिखर सर करून उतरतांना फ्रेंच गिर्यारोहक मोरिस हेर्झोग यांचे हातमोजे उतारावरून घरंगळून गेले. पुढें हिमदंशानें त्यांस हाताचीं बोटें गमवावीं लागलीं.

पांच बोटांचा मोजा काम करूं देतो, पण ऊब कमी देतो. कारण प्रत्येक बोट एकटें पडून चोहों बाजूंनीं उष्णता गमावतें. चार बोटें एकाच पिशवींत राहिलीं म्हणजे परस्परांस ऊब देतात. मात्र अशा हातानें बुटाची नाडी बांधवत नाहीं. झांकणाच्या मोज्यांत या दोहोंचा मेळ आहे.

तो विणण्याची रीत अशी. एका इंचांत ५ टाके बसत असतील व पंजाचा घेर ८ इंच असेल, तर ४० टाके घालून ते चार सुयांवर वांटावे व पांचव्या सुईनें गोल विणावें. मनगटाशीं दोन सुलट, दोन उलट अशी तीन इंच पट्टी घ्यावी. पुढें सर्व सुलट विणतांना अंगठ्यासाठीं टाके वाढवून ते धाग्यावर ओवून ठेवावे. बोटांच्या मुळाशीं पोंचल्यावर प्रत्येक बोट निराळें विणून मधल्या पेरापाशीं बंद करावें. अंगठा मात्र टोंकापर्यंत पुरा करावा.

आतां झांकण. पंजाच्या पाठीवर, बोटांच्या मुळाखालीं, आडव्या ओळींत २० टाके उचलावे, तळव्याच्या बाजूस २० नवे घालावे आणि गोल विणीत बोटांपलीकडे जाऊन टाके घटवीत टोंक मिटवावें. नव्या टाक्यांवर आरंभीं इंचभर दोन सुलट, दोन उलट अशी वीण ठेवावी, म्हणजे कड तळव्यास चिकटून बसते व वारा आंत शिरत नाहीं. टोंकास फांस व मनगटाच्या पाठीवर गुंडी लावली कीं उघडलेलें झांकण मागें अडकून राहतें.

धागा लोकरीचाच घ्यावा; ती ओलसर झाली तरी कांहीं ऊब राखते, सूत राखीत नाहीं. शिवाय दोन्ही मोजे लांब गोफानें जोडून तो गोफ कोटाच्या बाह्यांतून ओवावा, म्हणजे हातांतून निसटलेला मोजा दरींत जाणार नाहीं. हें विणकाम मुलींप्रमाणें मुलांनींही शिकावें. थंडी दोघांच्याही बोटांस सारखीच बाधते.