तोळाभर सोन्याचा हिशेब

२००९ च्या जुलैत इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या एका शेतात मेटल डिटेक्टर वाजला आणि सुमारे ४ किलो प्राचीन सोनं वर आलं. सगळ्या ठेव्याची किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. सातारा-सांगलीत कुणी हे यंत्र घेऊन रानात उतरलाच, तर अंगठीसारख्या वस्तूसाठी त्याची पोच वीत-दीड वीत. शिवाय १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहेच: १० रुपयांहून जास्त किमतीचं घबाड सापडलं, की कलेक्टरला लेखी कळवायचं. आज १० रुपयांत मिलिग्रॅमभर सोनंही येत नाही!

जुनं सोनं हुडकायला जमीन हा पत्ताच चुकीचा. बहुतेक दागिने गेले मुशीत. आणि मुशीचा धंदा देशभर नेणारे गलाईवाले सातारा-सांगलीच्याच दुष्काळी पट्ट्यातले: विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव. पावसानं दगा दिला तशी ही माणसं लांबलांबच्या सराफकट्ट्यांवर पोचली. मोडीत आलेली पाटली चांदीबरोबर वितळवायची, मग तेजाबात उकळायची. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी सोनं उरतं. पण पिवळं नव्हे, तपकिरीसारखी मळकट भुकटी. नवखा माणूस ती फुंकून टाकेल. टाकणखार घालून १०६४ अंशांवर वितळवली, की पुन्हा झळाळी. पाटली यादवांच्या काळातली की पेशवाईतली, हे मात्र कायमचं पुसलं जातं.

आता आकडे. माणसानं आजवर खणलेलं सोनं सुमारे २,१६,००० टन. सगळं एकत्र ओतलं तर जेमतेम २२ मीटर बाजूचा ठोकळा. त्यातलं अंदाजे २५,००० टन भारतातल्या घरांत.

सातवाहनांच्या काळात कऱ्हाडातल्या कुणा बाईच्या कानांत तोळाभर सोनं होतं असं धरू. ते वितळून जगभरच्या सोन्यात सारखं मिसळलं, तर तुमच्या मंगळसूत्रातल्या १ ग्रॅम सोन्यात त्या बाईच्या दागिन्याचे किती अणू असतील? सुमारे १६,५०० कोटी. १ ग्रॅममध्ये मुळात ३ वर २१ शून्यं इतके अणू असतात, त्याचा हा प्रताप. आणि आपलं सोनं सहसा देशाबाहेर जात नाही. मिसळण फक्त भारतातल्या घरांपुरती धरली, तर आकडा जातो १ लाख ४० हजार कोटींवर.